वारसा गाण्याचा, वारस कोण? ब्लूज आणि सोलच्या एका संध्याकाळची गोष्ट



आज आम्ही तुमच्यासमोर एक मैफल उलगडणार आहोत. ७ फेब्रुवारी २००३ ची संध्याकाळ, न्यूयॉर्कचं रेडिओ सिटी म्युझिक हॉल. सुमारे ६,००० खुर्च्यांचं हे भव्य नाट्यगृह. रंगमंचावर एकामागून एक येत होते बी. बी. किंग, बडी गाय, मेव्हिस स्टेपल्स, सॉलोमन बर्क, रूथ ब्राउन, ओडेटा, नॅटली कोल, हनीबॉय एडवर्ड्स आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतले कितीतरी गायक-वादक. कार्यक्रमाचा हेतू एकच होता, ब्लूजच्या वारशाला सलाम करायचा. या मैफलीवर अँटवान फुक्वा यांनी 'लाइटनिंग इन अ बॉटल' नावाचा चित्रपट केला. तो २००४ मध्ये आला. त्यामुळे आपल्याला आजही ती संध्याकाळ जवळजवळ जशीच्या तशी पाहता-ऐकता येते.

आता 'वारसा' हा शब्द आपण फार सहज वापरतो. वारसा जपला पाहिजे, वारसा पुढे नेला पाहिजे, वगैरे. पण मुळात हा शब्द घरादाराच्या, जमीनजुमल्याच्या व्यवहारातला आहे. वारसा म्हटला की वारस आला. कोणाचं काय होतं, ते कोणाकडे गेलं आणि ज्याला मिळायला हवं होतं त्याला मिळालं का, हे प्रश्न आलेच. ब्लूज आणि सोलच्या बाबतीत गाणं जगभर गेलं, पण वारस बहुतेक वेळा दारातच उभे राहिले. त्या संध्याकाळच्या गाण्यांमधून ही दुसरी गोष्टही ऐकू येते, आणि आज आम्हांला ती सांगायची आहे.

२००३ च का?

आधी साधा प्रश्न. हा सोहळा २००३ मध्येच का झाला? अमेरिकेच्या सेनेटनं ठराव करून १ फेब्रुवारी २००३ पासूनचं वर्ष 'ब्लूजचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं. त्यामागे शंभर वर्षांपूर्वीची एक आठवण होती.

डब्ल्यू. सी. हँडी नावाचे एक कृष्णवर्णीय बँडमास्तर होते. नोटेशन जाणणारे, शिकलेले संगीतकार. १९०३ च्या सुमारास ते मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर या छोट्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. गाडीला बराच उशीर झाला आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटार वाजवत होता. तारांवर सुरी दाबून, ती सरकवत. एकच ओळ तो पुन्हा पुन्हा गात होता. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आपण निघालो आहोत, एवढाच त्या ओळीचा आशय. हँडींनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं की इतकं विलक्षण संगीत आपण तोवर ऐकलं नव्हतं.

म्हणजे ज्या आठवणीवरून ही शताब्दी मोजली गेली, तिच्यातल्या मुख्य माणसाचं नावच कोणाला ठाऊक नाही. हँडींनी ते विचारलं नाही, किंवा विचारलं असेल तर नोंदवलं नाही.

पण हँडींनाही या व्यवहारानं सोडलं नाही. १९१२ मध्ये त्यांनी 'मेम्फिस ब्लूज' छापलं आणि लगेच त्याचे हक्क किरकोळ रकमेला विकले. गाणं तुफान चाललं, पैसा दुसऱ्यांनी कमावला. तो अनुभव घेऊन त्यांनी भागीदारीत स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि १९१४ चं 'सेंट लुइस ब्लूज' स्वतःच्या हातात ठेवलं. त्या एका गाण्यानं त्यांना आयुष्यभर उत्पन्न दिलं. रेडिओ सिटीत नॅटली कोल यांनी गायलं ते हेच गाणं.

कानाला काय ऐकू येतं?

पुढे जाण्याआधी ब्लूज म्हणजे नेमकं काय, हे थोडं समजून घेऊ. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या कानाला हे अवघड नाही.

पहिली गोष्ट आवर्तनाची. ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा खंडांचा असतो. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार खंड षड्जावर उभ्या असलेल्या कॉर्डचे. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ. मग दोन खंड मध्यमावरच्या कॉर्डचे, पुन्हा दोन षड्जाचे. शेवटच्या चारांत एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि दोन षड्जाकडे परतण्याचे. पंचमापाशी एक ताण तयार होतो आणि षड्जावर आलं की सुटतो. समेवर आल्यावर आपल्या तोंडून नकळत 'वा' निघतं ना, तसंच तिथलं श्रोतृवृंद हुंकार देतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ गाऊन झाली की थोडी जागा मोकळी सुटते. तिथे गिटार बोलते. गायक विचारतो, वाद्य उत्तर देतं. शेतात काम करणाऱ्यांच्या गाण्यात एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, ही रीत होती. तीच इथे आली. आपल्या भजनात बुवांनी चरण म्हणायचं आणि टाळकऱ्यांनी धरायचं, तसंच.

तिसरी गोष्ट स्वराची, आणि ब्लूजचा जीव तिथे आहे. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी एक जागा आहे. ब्लूजचा गायक ती जागा घेतो. पियानोवर ती मिळतच नाही, कारण पियानोच्या पट्ट्या ठरलेल्या. म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम किंवा एकीवरून दुसरीवर घसरत वाजवतात. गिटारवाले तार ओढतात, किंवा बाटलीची मान बोटात घालून तारेवरून सरकवतात. आपल्याकडे सतारीवर मींड काढतात, त्याच जातीचं हे काम. टटवायलरच्या त्या माणसाची सुरी हेच करत होती.

आता यातलं काय कागदावर उतरवता येतं? शब्द येतात, चालही ढोबळपणे येते. पण ती मधली जागा, तो हुंकार, ती मोकळी सोडलेली वेळ लिहिता येत नाही. ती गळ्यातून गळ्यात आणि हातातून हातात जाते. आणि कायदा? तो त्या काळी कागदावर लिहिलेलं तेवढंच ओळखत होता. ज्यानं लिहून नोंदवलं, मालकी त्याची. ज्यानं गळ्यातून घडवलं, त्याच्या हाती काही नाही. पुढच्या सगळ्या तंट्यांचं मूळ इथे आहे.

कार्यक्रमाचा क्रम

रेडिओ सिटीतल्या त्या कार्यक्रमाची मांडणी विचारपूर्वक केलेली होती. सुरुवात आफ्रिकेपासून. बेनिन देशात जन्मलेल्या अँजेलिक किजो यांनी पहिलं गाणं गायलं. पश्चिम आफ्रिकेच्या याच किनाऱ्यावरून लक्षावधी माणसं साखळदंडांत बांधून समुद्रापार नेली गेली. गाण्याचा उगम तिथून दाखवणं, म्हणजे हे संगीत कोणत्या प्रवासातून आलं ते आधीच स्पष्ट करणं.

या इतिहासाशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे, हे इथे सांगायलाच हवं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुढे ९९ वर्षांनी, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. त्यामुळे ब्लूजमागची वेदना आपल्याला अगदी परकी वाटण्याचं कारण नाही.

मग मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतला ब्लूज. तिथली बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं वाट्यानं जमीन कसत. बी-बियाणं, धान्य सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर. हंगाम संपला की मालक वही काढणार आणि सांगणार, 'यंदाही तुझ्याकडेच बाकी निघते.' ही वही लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

या भागातून आलेले हनीबॉय एडवर्ड्स त्या संध्याकाळी गायले. जन्म १९१५ चा, म्हणजे वय ८७. तरुणपणी ते रॉबर्ट जॉन्सन यांच्याबरोबर फिरलेले. जॉन्सन हे ब्लूजमधलं जवळजवळ दंतकथा झालेलं नाव. १९३६-३७ मध्ये टेक्सासमध्ये त्यांनी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, २७ व्या वर्षी ते गेले. १९९० मध्ये त्या सगळ्या मुद्रणांचा संच निघाला आणि दहा लाखांहून जास्त खपला. आता पैसा उभा राहिला, तेव्हा वारस कोण हा प्रश्न कोर्टात गेला. मिसिसिपीत खडी वाहण्याचा धंदा करणारे क्लॉड जॉन्सन हे त्यांचे पुत्र आणि कायदेशीर वारस, असा निकाल १९९८ मध्ये लागला. बापाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. इथे वारस सापडला तरी. बहुतेकांच्या बाबतीत शोधायलाही कोणी गेलं नाही.

कबर स्वच्छ ठेवा

मेव्हिस स्टेपल्स यांनी त्या रात्री ब्लाइंड लेमन जेफरसन यांचं गाणं गायलं. माझी कबर स्वच्छ ठेवा, एवढी एकच विनंती त्या गाण्यात आहे. जेफरसन हे टेक्ससचे अंध गायक. १९२० च्या दशकात त्यांच्या रेकॉर्ड देशभर खपत होत्या. डिसेंबर १९२९ मध्ये शिकागोत त्यांचा मृत्यू झाला, आणि टेक्ससमधल्या वर्थम गावी त्यांना पुरलं. त्या जागेवर दगड नव्हता. जागेची खूण सांगणारी पाटी लागली ती १९६७ मध्ये.

हे काही एकट्याचं नाही. बेसी स्मिथ १९२० च्या दशकातल्या सर्वांत गाजलेल्या ब्लूज गायिका. कंपनी त्यांना एका मुद्रणामागे ठरावीक रक्कम देई. खपावर वाटा नाही, म्हणजे रेकॉर्ड शंभर खपो की लाख, हातात येणार तेवढंच. १९३७ मध्ये मोटार अपघातात त्या गेल्या. अंत्ययात्रेला हजारो लोक, पण कबरीवर नाव नाही. १९७० मध्ये जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या रॉक गायिकेनं आणि ह्वानिटा ग्रीन या कृष्णवर्णीय बाईंनी मिळून खर्च केला, तेव्हा दगड बसला.

हे माहीत असलं की मेव्हिस यांचं गाणं वेगळं ऐकू येतं. ती मरणाऱ्या माणसाची भाबडी इच्छा राहत नाही. ज्याला आपलं नाव पुसलं जाणार हे जिवंतपणीच कळलेलं आहे, त्याची ती मागणी होते.

ब्लूजचं सोल कसं झालं?

मैफलीच्या पुढच्या भागात वीज आली. विसाव्या शतकात, ढोबळमानानं १९१६ ते १९७० या काळात, सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेले. बडी गाय १९५७ मध्ये लुइझियानाहून तिथेच पोचले. गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार ऐकू कशी जाणार? म्हणून गिटार विजेवर आली, ड्रम आले, माउथऑर्गन माइकला चिकटला. शेतावरचा ब्लूज शहराचा झाला.

आणि सोल? ते चर्चमधून आलं. कृष्णवर्णीय चर्चमध्ये गॉस्पेल गातात, म्हणजे देवाची गाणी. रविवारी सकाळी चर्च आणि शनिवारी रात्री ब्लूज, असे दोन वेगळे कप्पे मानले जात. धार्मिक घरांत ब्लूजला सैतानाचं गाणं म्हणत. १९५४ मध्ये रे चार्ल्स यांनी हे कप्पे मोडले. गॉस्पेलची चाल, तीच आर्तता, तोच कोरस, आणि शब्द मात्र प्रेयसीसाठी. चर्चमधले लोक चिडले, बाकीचे नाचले. सॅम कुक १९५७ मध्ये गॉस्पेलमधून बाहेर पडले आणि त्याच वाटेनं गेले. १९६० च्या दशकात या संगीताला 'सोल' हे नाव पक्कं झालं. सोल म्हणजे आत्मा.

सोलची एक खूण कानानं ओळखता येते. चार मात्रांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. चर्चमध्ये लोक अशीच टाळी देतात. ब्लूज एकट्याचं दुःख सांगतो. सोल त्या दुःखाला सगळ्या सभेची टाळी मिळवून देतो.

रेडिओ सिटीत हे दाखवायला सॉलोमन बर्क होते. लहानपणापासून चर्चमध्ये प्रवचन करणारे, मग १९६० पासून अटलांटिक कंपनीसाठी गाणारे. मेव्हिस स्टेपल्सही तशाच. वडिलांनी उभ्या केलेल्या गॉस्पेल गाणाऱ्या घरात वाढल्या, नागरी हक्कांच्या लढ्यात गायल्या आणि पुढे मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत सोलच्या मोठ्या गायिका झाल्या.

स्टॅक्सचं नाव निघालं म्हणून सांगतो. ही कंपनी एका जुन्या सिनेमागृहात थाटलेली होती. गोरे-काळे वादक तिथे एकत्र काम करत, तेही वंशभेद कायद्यानं लादलेल्या शहरात. ओटिस रेडिंग तिथलेच. वितरणासाठी स्टॅक्सनं अटलांटिकशी करार केला होता. १९६८ मध्ये ते वितरण संपवायची वेळ आली, तेव्हा कळलं की त्या करारातल्या एका कलमानं तोवरच्या सगळ्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिकची झाली आहे. कलम कोणी नीट वाचलंच नव्हतं. ओटिस रेडिंग विमान अपघातात गेले त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. त्यांचा आवाज आता स्टॅक्सचा राहिला नव्हता.

रूथ ब्राउन यांची वही

आता त्या संध्याकाळच्या आमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाच्या गायिकेकडे येऊ. रूथ ब्राउन. जन्म १९२८, व्हर्जिनिया. १९४९ पासून त्यांच्या रेकॉर्ड गाजू लागल्या आणि १९५० च्या दशकात अटलांटिक या तेव्हा छोट्या असलेल्या कंपनीला त्यांनी इतकं यश दिलं, की लोक तिला 'रूथनं बांधलेलं घर' म्हणू लागले. १९६० नंतर जमाना बदलला, काम आटलं. घर चालवण्यासाठी या बाईंनी लोकांच्या घरी कामं केली, शाळेची बस चालवली. रेडिओवर मात्र त्यांची गाणी वाजत होती.

हे कसं होतं, ते एका उदाहरणानं पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, रेकॉर्डची किंमत १ डॉलर आणि गायिकेचा वाटा ५ टक्के. एक लाख प्रती खपल्या तर तिचे झाले ५,००० डॉलर. पण स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, संगीत बसवणाऱ्याची फी हे सगळं तिच्याच वाट्यातून कापायचं, असा करार. शिवाय न चाललेल्या गाण्यांचा खर्चही त्यातच. समजा तो ६,००० झाला. म्हणजे लाख प्रती खपूनही वहीत गायिकेच्या नावावर १,००० डॉलर देणं. बरं, स्टुडिओचा खर्च तिनं भरला, तरी मूळ मुद्रणाची मालकी कंपनीची.

मघाशी म्हटलं होतं, वही लक्षात ठेवा. कापसाच्या शेतातली ती उधारीची वही इथे रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीत आली.

१९८० च्या दशकात हॉवेल बेगल नावाचे एक वकील रूथ यांचे चाहते म्हणून त्यांना भेटले. आपल्याला या गाण्यांचे काहीच पैसे मिळत नाहीत, हे त्यांच्याकडून ऐकून ते चकित झाले आणि त्यांनी प्रकरण हाती घेतलं. जुने हिशेब मागवले, वर्तमानपत्रांत विषय लावून धरला. रूथ यांनी काँग्रेससमोर साक्ष दिली. अखेर १९८८ मध्ये अटलांटिकनं नमतं घेतलं. रूथ आणि त्या काळच्या आणखी पस्तीसेक कलाकारांची वहीतली 'देणी' रद्द झाली आणि मागची थकबाकी देण्याचं ठरलं. गरजू जुन्या कलाकारांना मदत करण्यासाठी 'रिदम अँड ब्लूज फाउंडेशन' स्थापन झालं. त्यासाठीही कंपनीनं दहा लाखांहून जास्त डॉलर दिले.

रूथ ब्राउन २००३ मध्ये त्या रंगमंचावर आल्या, तेव्हा ७५ वर्षांच्या होत्या. १९५३ चं आपलं गाजलेलं गाणं त्यांनी ठसक्यात, श्रोत्यांची फिरकी घेत गायलं. बिचारेपणाचा मागमूस नाही. वारसा जपणारे पुष्कळ असतात, पण वारशाचा हिशेब मागणारी बाई त्या रात्री समोर गात होती. २००६ मध्ये त्या गेल्या.

दुसरी बाजू

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो ऐकून घ्यायला हवा. या छोट्या कंपन्या नसत्या तर ही गाणी टिकलीच नसती. मोठ्या कंपन्या कृष्णवर्णीय गायकांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा अटलांटिक, चेस, स्टॅक्स यांनी पैसे घातले, धोका पत्करला. कितीतरी रेकॉर्ड आपटल्या, त्याचा तोटाही त्यांनीच सोसला. आणि उपाशी माणसाला रोख मिळणारे पन्नास डॉलर हे पुढे कधीतरी मिळणाऱ्या वाट्यापेक्षा मोलाचे वाटले, तर त्यात नवल काय?

हे खरं आहे. शिवाय गाणं एकाकडून दुसऱ्याकडे जाणं हाच ब्लूजचा धर्म आहे. त्या रात्री रॅप गायक चक डी यांनी जॉन ली हुकर यांचं जुनं गाणं घेतलं आणि इराक युद्धाच्या उंबरठ्यावर ते युद्धविरोधी करून टाकलं. याला कोणी चोरी म्हणणार नाही. हुकर यांचं नाव, गाणं सगळं उघड होतं.

भेद इथेच आहे. नाव घेऊन घेतलेलं गाणं म्हणजे परंपरा. नाव पुसून घेतलेलं गाणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं पीक. त्या संध्याकाळी हाउलिन वुल्फ यांचे गिटारवादक ह्यूबर्ट सम्लिन यांनी 'किलिंग फ्लोअर' वाजवलं. १९६९ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडनं ते आपल्या गाण्यात घेतलं होतं, वुल्फ यांचं नाव न देता. कज्जा झाला, तडजोड झाली, तेव्हा नाव लागलं. वुल्फ यांच्यासाठी पुष्कळ गाणी लिहिणारे विली डिक्सन यांनाही याच बँडवर १९८५ मध्ये दावा लावावा लागला. तोही कोर्टाबाहेर मिटला. डिक्सन यांनी ब्लूज कलाकारांना त्यांचे हक्क मिळवून देण्यासाठी संस्था काढली. तिचं घर आज शिकागोत चेसच्या जुन्या स्टुडिओच्याच इमारतीत आहे.

मग बदललं काय?

काही बदललं. अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याचं संरक्षणच नव्हतं. २०१८ च्या कायद्यानं त्यांना डिजिटल रेडिओवरच्या मानधनाचा हक्क दिला. पण साध्या रेडिओवर गाणं वाजलं, तर अमेरिकेत आजही गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. म्हणजे गळ्यातून घडलेल्या त्या मधल्या स्वराला, जो लिहिता येत नाही, तिथे अजूनही किंमत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न फार लांबचा नाही. गाण्याचे सगळे हक्क एकदाच लिहून घ्यायचे, ही पद्धत आपल्या चित्रपटसृष्टीतही दशकानुदशकं चालली. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा सहजासहजी काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली.

आणि ब्लूज आता मुंबईतही प्रत्यक्ष ऐकायला मिळतो. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत फेब्रुवारी महिन्यात महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय आले. रेडिओ सिटीतल्या त्या संध्याकाळचे हेच बडी गाय. शिलाँगच्या सोलमेटसारखे आपले बँडही त्या मंचावर वाजवतात.

अशा मैफलीला जाल, किंवा घरी बसून 'लाइटनिंग इन अ बॉटल' पाहाल, तेव्हा आमची एवढीच सूचना आहे. गाणं आवडलं की ते मुळात कोणी गायलं, ते शोधा. श्रेयनामावलीत नाव कोणाचं आहे ते वाचा, आणि ज्याचं नाव तिथे असायला हवं होतं आणि नाही, त्याचंही बघा. कलाकार जिवंत असेल तर तिकीट काढून ऐका, रेकॉर्ड विकत घ्या. दाद द्यायचीच आहे, तर ती वारसापर्यंत पोचू द्या.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता प्रश्न घेऊ या.